सर्व रकान्यांत सरस कॅमशाफ्ट

बायकोने शेरेसाहेबांना एवढंच सांगितलं होतं, की शनिवारी सकाळी गॅरेजमध्ये जा, मिस्त्री जे म्हणतील त्याला 'हो' म्हणा आणि घरी या. अर्ध्या तासाचं काम. तिने ते दोनदा सांगितलं आणि एकदा त्यांच्याकडून वदवूनही घेतलं.

पण शेरेसाहेब बावीस वर्षं सरकारी भांडारात बसलेले. टाचणीच्या डबीपासून लोखंडी कपाटापर्यंत एकही वस्तू त्यांच्या शेऱ्याशिवाय दारातून आत आली नाही. (म्हणून तर सगळे त्यांना शेरेसाहेब म्हणतात. खरं आडनाव आता फक्त पगारपत्रकात उरलंय.) नुसतं 'हो' म्हणणं हे त्यांच्या प्रकृतीला मानवत नाही. घरी बायकोने "जेवायला येताय ना?" विचारलं, तरी ते आधी काय केलंय ते विचारतात आणि मग विचारार्थ थोडं थांबतात.

आता ही गॅरेजची भानगड काय, ते सांगायला हवं. बायकोची लाँड्री होती. घरामागच्या पत्र्याच्या खोलीत दोन मोठी यंत्रं, एक इस्त्रीचं टेबल आणि ती स्वतः. आठ वर्षं शेजारपाजारचे शर्ट आणि पडदे धुतल्यावर तिला पहिल्यांदा मोठं काम मिळालं होतं. टेकडीवरच्या इस्पितळाच्या चादरी. मेट्रनबाईंनी सोमवारी पहिली खेप मागितली होती आणि बजावलं होतं, की सात म्हणजे सात. सात वाजून एक मिनिट झालं, तर खालच्या रस्त्यावर आणखी दोन लाँड्रीवाले बसलेलेच आहेत. बायको आठ दिवस धड झोपली नव्हती. तिला हे काम हवं होतं, फार हवं होतं, आणि ते ती कुणाला बोलून दाखवत नव्हती.

चादरी न्यायला एक छोटा ट्रक होता. पेट्रोलवर चालणारा, म्हातारा, कुणीतरी वैतागून विकलेला. त्याचं इंजिन मिस्त्रींनी उघडलं, जमेल तेवढे जुनेच भाग घासूनपुसून परत वापरायचं ठरवलं, पण कॅमशाफ्ट पार झिजला होता. कॅमशाफ्ट म्हणजे इंजिनातल्या झडपा कधी उघडायच्या, किती उघडायच्या आणि किती वेळ उघड्या ठेवायच्या, हे ठरवणारा दांडा. ट्रकची सगळी अक्कल त्यात असते म्हणा ना. तो नवा घ्यायचा होता, आणि त्यालाच शेरेसाहेबांनी 'हो' म्हणायचं होतं.

मिस्त्रींनी टेबलावर दोन खोकी ठेवली. एकात साधा, ट्रकच्या मूळ मापाचा दांडा. दुसरा जरा भारी जातीचा, कुणीतरी हौसेने मागवून परत केलेला, त्यामुळे चार पैशांनी स्वस्त. मिस्त्री पहिल्या खोक्यावर बोट ठेवून म्हणाले, "हा घालतो."

इथे 'हो' म्हणायचं होतं. शेरेसाहेबांनी खिशातून पेन काढलं.

त्यांनी एका कोऱ्या कागदावर उभ्याआडव्या रेघा मारल्या आणि वर लिहिलं, 'तुलनात्मक तक्ता'. खोक्यांवरचे आकडे वाचून रकाने भरले. झडप किती उचलते? दुसऱ्याचा आकडा मोठा. किती वेळ उघडी राहते? दुसऱ्याचाच मोठा. ताकद? दुसरा. किंमत? दुसराच कमी. बावीस वर्षांच्या नोकरीत इतका निर्विवाद तक्ता त्यांच्या हातून झाला नव्हता. त्यांना क्षणभर भरून आलं.

मिस्त्री हात पुसत तक्त्याकडे बघत होते. "साहेब, हा शर्यतीत पळणाऱ्या गाडीचा दांडा आहे. इंजिन जोरात फिरायला लागलं की मग जागा होतो. आपल्याला ओझं घेऊन चढ चढायचाय. आपल्याला जोर खाली, इंजिन हळू फिरतानाच पाहिजे."

"पण जोर यात जास्त, की त्यात?"

"यातच जास्त. पण वर."

"जास्त आहे ना? मग झालं तर," शेरेसाहेब म्हणाले.

मिस्त्रींनी आणखी एकदा समजावून पाहिलं. शेरेसाहेबांनी तेही नीट ऐकून घेतलं, तक्त्याखाली 'मिस्त्रींच्या तोंडी हरकतीची नोंद घेतली' असं लिहिलं, त्याखाली 'क्रमांक दोन सर्व रकान्यांत सरस. निर्णय अंतिम' असा शेरा मारला आणि झोकदार सही केली. कागद मिस्त्रींच्या हातात दिला. मिस्त्रींच्या गॅरेजमध्ये आजवर कुणी सहीचा कागद दिला नव्हता. त्यांनी तो घडी घालून खिळ्याला टोचला आणि दुसरं खोकं उघडलं.

घरी बायकोने विचारलं, "हो म्हणालात ना?" शेरेसाहेब म्हणाले, की काम मार्गी लागलं आहे. (हे खोटं नव्हतं. कार्यालयात गेली बावीस वर्षं ते हेच उत्तर देत आले आहेत.)

रविवारी संध्याकाळी ट्रक घरी आला. बायको एकोणतीस गठ्ठे बांधण्यात बुडालेली. शेरेसाहेबांनी स्वतः चावी फिरवली. इंजिन सुरू झालं, पण ते नुसतं चालत नव्हतं, दम्याच्या आजोबांसारखं खोकत होतं. जागच्या जागी ट्रक असा थरथरायला लागला, की बाजूच्या आरशात शेजारचं घर दोनदा दिसू लागलं. बायको दारात येऊन म्हणाली, "असा का आवाज येतोय?" तेवढ्यात रस्त्यावरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबला, डोळे मिटून त्याने तो शर्यतीच्या गाडीसारखा आवाज ऐकला आणि शेरेसाहेबांना अदबीने मान लववून निघून गेला. आयुष्यात त्यांना अनोळखी माणसाने मान लववण्याची ही पहिलीच वेळ. नवीन आहे, बसेल हळूहळू, असं त्यांनी बायकोला सांगितलं आणि त्या रात्री ते फार समाधानाने झोपले.

सोमवारी साडेसहाला दोघं निघाली. बायको चालवत होती, शेरेसाहेब शेजारी, मांडीवर पावत्यांचं पुस्तक. सपाट रस्त्यावर ट्रक ठीक गेला. एक-दोन रिक्षांना त्याने मागेसुद्धा टाकलं, आणि शेरेसाहेबांनी बायकोकडे अशा नजरेने पाहिलं, की तिने कॅमशाफ्ट या विषयावर काहीतरी विचारावं. तिने विचारलं नाही.

मग चढ आला. पहिला गिअर टाकून ट्रक विजेच्या खांबापर्यंत गेला, खोकला आणि बंद पडला. तिने ब्रेक दाबून तो खाली घेतला आणि पुन्हा चढवला. पुन्हा त्याच खांबापाशी बंद. तिसऱ्यांदा तर खांबही लांब राहिला. घड्याळात पावणेसात झाले होते. वर इस्पितळाची पिवळी भिंत दिसत होती.

"तुम्ही त्यांना 'हो' म्हणालात ना?" तिने समोर बघतच विचारलं.

शेरेसाहेबांनी सगळं सांगितलं. तक्ता, रकाने, हरकतीची नोंद, सही. सांगताना त्यांच्याच लक्षात येत गेलं, की चढ नावाचा रकाना आपण आखलाच नव्हता. त्यांना खरोखर वाईट वाटलं. उंटावरचा शहाणा म्हणतात तो आपणच, हे त्यांना पहिल्यांदा मनापासून पटलं. त्यांना वाटलं, ती आता ओरडेल. ती ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने गिअरच्या दांड्यावर हात ठेवला.

मग म्हणाली, "उतरा. रिव्हर्सला पहिल्या गिअरपेक्षा जास्त जोर असतो. त्यात इंजिन जोरात फिरवता येतं. तुमच्या दांड्याला जोरातच फिरायचंय ना? फिरू दे. मला मागचं काही दिसणार नाही, गठ्ठे आडवे येतात. बाजूच्या आरशात दिसाल असे तुम्ही पुढे चाला. म्हणजे मागे."

तिने ट्रक पायथ्याशी आणून उलटा वळवला. शेरेसाहेबांनी एका गठ्ठ्यातून उशीचा अभ्रा ओढून काढला आणि तो हलवत ते चढावर चालू लागले. त्यांच्या मागून ट्रक शेपूट पुढे करून, आकाशपाताळ एक करत चढू लागला. जोरात फिरल्यावर तो दांडा खरंच जागा झाला होता. (तक्त्यात खोटं काहीच नव्हतं, हे शेरेसाहेबांनी त्या अवस्थेतही मनात नोंदवून ठेवलं.) बसथांब्यावर त्यांच्या कार्यालयातले तिघे उभे होते. साहेब पांढरा अभ्रा हलवत येताहेत आणि मागून एक ट्रक उलटा येतोय, हे पाहून तिघांनी नमस्कार केला.

सातला दोन मिनिटं कमी असताना ट्रकचं मागचं दार इस्पितळाच्या सामानाच्या दाराला अचूक जाऊन टेकलं. मेट्रनबाई घड्याळ बघत उभ्याच होत्या. त्यांनी ट्रककडे पाहिलं, अभ्र्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, की बाकीचे गाडीवाले इथे अंगणात येऊन गाडी वळवतात, रुग्णांच्या खुर्च्यांना घासतात, दहा मिनिटं हॉर्न वाजवतात. गाडी खालूनच उलटी आणण्याची ही कल्पना कुणाची?

बायको खरं सांगायला तोंड उघडणार, एवढ्यात शेरेसाहेब पुढे झाले. पडलो तरी नाक वर, तशातली गत. "ही आमची कार्यपद्धती आहे," ते धापा टाकत म्हणाले. "सुरक्षिततेच्या दृष्टीने."

"मग करारात लिहून द्या," मेट्रनबाई म्हणाल्या.

लिहून द्या म्हटल्यावर शेरेसाहेबांना आवरणं कठीण. तिथल्याच टेबलावर बसून त्यांनी करारात भर घातली. 'कलम चार : वाहन चढाच्या पायथ्यापासून उलट्या दिशेनेच आणले जाईल व त्यापुढे एक जबाबदार इसम पांढरे निशाण घेऊन चालेल.' जबाबदार इसम कोण, असं मेट्रनबाईंनी विचारल्यावर त्यांनी आपलं नाव घातलं, हुद्द्यासकट. काम वर्षभरासाठी पक्कं झालं. उतारावर ट्रकमध्ये बायको पहिल्यांदा हसली आणि मग डोळे पुसत राहिली. शेरेसाहेब म्हणाले, "सुंठीवाचून खोकला गेला." तिने त्यांच्याकडे असं पाहिलं, की त्यांनी उरलेला रस्ता पावत्यांचं पुस्तक वाचलं.

मंगळवारी दुपारी ती स्वतः ट्रक घेऊन मिस्त्रींकडे गेली. साधा कॅमशाफ्ट परत मागवायला किती दिवस लागतील, असं विचारलं. मिस्त्रींनी फळीवरून पहिलं खोकं काढलं. त्यांनी ते परत केलंच नव्हतं. वर खडूने लिहिलेलं होतं, 'साहेब परत येतील, मंगळवार किंवा बुधवार.' बायकोने विचारलं, की मग आधी मला का नाही सांगितलंत? मिस्त्रींनी खिळ्यावरचा कागद दाखवला. "वहिनी, निर्णय अंतिम लिहिलंय. सहीसुद्धा आहे."

रात्रीपर्यंत साधा दांडा बसला. ट्रकचा खोकला गेला, थरथर गेली. बुधवारी चढाच्या पायथ्याशी बायकोने सहज पहिल्या गिअरमध्ये टाकून पाहिलं, तर भरलेला ट्रक खांब ओलांडून सरळ चढायला लागला. तिने तो थांबवला, खाली आणला आणि वळवून उलटा उभा केला.

"आता कशाला?" शेरेसाहेब म्हणाले.

"कलम चार," ती म्हणाली आणि अभ्रा त्यांच्या हातात दिला.

शेरेसाहेबांनी मेट्रनबाईंना भेटून ते कलम काढून टाकण्याविषयी चाचपून पाहिलं. मेट्रनबाई म्हणाल्या, जरूर काढू, लेखी अर्ज द्या, फक्त कारण स्पष्ट लिहा. त्या संध्याकाळी शेरेसाहेब कोरा कागद घेऊन बसले. 'विषय : कलम चार वगळणेबाबत.' पुढे 'कारण' लिहून दोन टिंबं दिली आणि तिथेच अर्धा तास गेला. बायको इस्त्री करता करता बघत होती.

"कॅमशाफ्ट निवडताना माझी चूक झाली. एवढंच तर लिहायचंय," ती म्हणाली. "तुम्हाला जमत नसेल तर मी लिहू का?"

शेरेसाहेबांनी कागदाची घडी घातली आणि म्हणाले, की सकाळचं चालणं प्रकृतीला चांगलंच असतं.

तेव्हापासून ते रोज पावणेसातला अभ्रा घेऊन त्या चढावर असतात. एक मात्र आहे. पहिल्या दिवशी चालून भागलं होतं. आता ट्रकला खालूनच जोर आला आहे, त्यामुळे त्यांना पळावं लागतं.