चार म्हणजे चार!

"चारनंतर या पुलावर जो सायकलवाला येईल तो शर्यतीतला नव्हेच! तो सहलीला निघालेला माणूस! त्याला दहा मिनिटं थांबायला काय धाड भरलीय?"

हे उद्गार डौवेचे. मार्च महिन्यात, आमच्या फ्रीसलँड प्रांतातल्या आल्डेसिल गावच्या सभागृहात, शर्यतीच्या समितीसमोर, कॉफीचा कप टेबलावर आपटून तो हे बोलला आणि सभेने टाळ्या वाजवल्या. मंडळी, हे वाक्य लक्षात ठेवा. डौवेने पुढे ते विसरायचा पुष्कळ प्रयत्न केला, पण गावाने विसरू दिलं नाही.

डौवे हा आमच्या उचलत्या पुलाचा पूलवाला. होडी आली की फाटकं पाडायची, पूल वर घ्यायचा, गळाच्या काठीला बांधलेला लाकडी बूट होडीवर सोडायचा, होडीवाल्याने त्यात पुलाचे पैसे टाकले की बूट वर ओढायचा आणि पूल खाली. हे त्याने अठरा वर्षं केलं होतं. शर्यतीच्या दिवशी पूल दिवसभर बंद ठेवा, असं समितीचं म्हणणं. डौवे भडकला. होड्यांनी काय कुणाचं घोडं मारलंय? शेवटी त्याने स्वतःच्या हाताने वेळापत्रक लिहून दिलं. सकाळपासून पूल बंद, आणि चार वाजता होड्यांसाठी उघडणार. चार म्हणजे चार!

आता गंमत अशी की, त्याच शर्यतीत डौवे स्वतः उतरणार होता. वय छप्पन्न, पोट सुखवस्तू. जवळजवळ चार किलोमीटर पोहायचं, मग एकशेऐंशी किलोमीटर सायकल, आणि एवढं करून माणूस जिवंत उरलाच तर बेचाळीस किलोमीटर धावायचं. "साडेतीनला तुझ्या खिडकीखालून जाईन," त्याने बायकोला सांगितलं, "आणि टोपी काढून तुला सलाम ठोकीन!"

बायको म्हणजे सीत्स्के. त्या दिवसापुरती बदली पूलवाली तीच होती. "सायकलच्या टोपीचा पट्टा तुला एकट्याला सुटत नाही," ती म्हणाली. "सलाम राहू दे, पुढे बघून चालव."

हसण्यावारी नेऊ नका, डौवेचं मन त्यात फार गुंतलं होतं. अठरा वर्षं तो दुसऱ्यांना वाट करून देत बसला होता. होड्या गेल्या, सायकली गेल्या, लग्नाच्या वराती गेल्या, आणि हा आपला काचेच्या खोलीत. एकदा, आयुष्यात एकदाच, त्याला स्वतःला कुठेतरी पोहोचायचं होतं. पदक टांगायला त्याने पूलखोलीच्या भिंतीत एप्रिलमध्येच खिळा ठोकून ठेवला होता. रोज जेवणाच्या सुट्टीत तो त्या खिळ्याकडे बघत बसायचा.

सीत्स्केसाठी त्याने सूचनांचा कागद केला. सत्तावीस मुद्दे! कुठलं बटण कधी, बूट किती खाली सोडायचा, काठी कशी धरायची. शेवटचा मुद्दा लाल शाईत: 'या कागदावर नसलेलं काहीही करायचं नाही.' सीत्स्केने कागद दोनदा वाचला, घडी घातली आणि म्हणाली, "बरं." लग्नाला सत्तावीस वर्षं झालेल्या माणसाला या 'बरं'ची भीती वाटायला हवी होती.

शर्यतीच्या दिवशी ऊन असं पेटलं की, गावातल्या गाईसुद्धा कालव्यात पोटापर्यंत उभ्या राहिल्या. पोहताना डौवेच्या चष्म्यावर वाफ धरली. पुढच्या पोहणाऱ्याची नारिंगी टोपी समजून तो जिच्या मागे चारशे मीटर गेला, ती एका हंसाची चोच निघाली. परतीचे चारशे मीटर हंस त्याच्या मागे होता, त्यामुळे तेवढे मात्र झपाट्याने झाले. मग सायकल. आमच्या फ्रीसलँडचा वारा जाताना समोरून येतो आणि येताना वाट बदलून पुन्हा समोरून येतो. साडेतीनचे पावणेचार झाले, पावणेचारचे पाच कमी चार. सायकलीचे वीस किलोमीटर उरले असताना लांब पूल दिसला आणि डौवे जिवाच्या आकांताने पायडल मारू लागला.

दोनशे मीटर, शंभर मीटर... ठण्ण! ठण्ण! ठण्ण! घंटा झाली आणि फाटक त्याच्या नाकासमोर खाली आलं.

"सीत्स्के! अगं थांब! मी आहे, मी!"

खिडकीतून डोकं बाहेर आलं. "दिसतंय मला! चार वाजले!"

"मला जाऊ दे, मग उघड!"

"मुद्दा चार! 'फाटक पडल्यावर कोणालाही सोडायचं नाही, माझा बाप आला तरी नाही!'"

"अगं पण मी नवरा आहे!"

"बापाला सोडायचं नाही आणि नवऱ्याला सोडायचं? शोभेल का ते?"

पूल वर गेला. मागून एकेक सायकलवाला येऊन ठेपू लागला आणि बघता बघता एकतीस जण जमले. सगळे घामाने निथळत होते आणि साडेपाचच्या आत सायकल आटोपली नाही तर सगळेच बाद होणार होते. त्यांत एक दातांची डॉक्टर होती, साठीची, आवाज खणखणीत. "शर्यत चालू असताना पूल उघडायची अक्कल कोणाची?"

डौवे सायकलची साखळी बारकाईने तपासू लागला. "असेल कोणा समितीवाल्याची."

"तो साखळी तपासतोय ना, त्याचीच!" खिडकीतून आवाज आला. "चारनंतर येतात ते सहलीला निघालेले, असं म्हणाला होता भर सभेत!"

एकतीस माना डौवेकडे वळल्या. तेवढ्यात पहिल्या होडीतला पट्ट्यापट्ट्यांचा शर्ट घातलेला गृहस्थ, समोर झुलणारा लाकडी बूट बघत, शांतपणे एकेक खिसा चाचपत होता. दोन्ही खिसे झाले, मग बायकोची पिशवी झाली. डौवेने आयुष्यात पहिल्यांदा होडीवाल्याचं वाईट चिंतलं.

तीन होड्या गेल्या. पूल खाली येऊ लागला. गर्रर्र... खट्ट! बसायला हातभर राहिला आणि अडकला!

डौवे फाटकावर ओणवला. "सीत्स्के, पाणी मारलंस ना?"

"कसलं पाणी?"

"अगं नळीने! एवढ्या उन्हात लोखंड फुगतं! तीन वाजल्यापासून कडांवर पाणी मारत राहावं लागतं!"

"कागदावर नव्हतं!"

खरंच नव्हतं. सत्तावीस मुद्दे लिहिले, पण दर उन्हाळ्यात तो जे काम काहीही विचार न करता करायचा, तेवढंच लिहायचं राहिलं. "बरं, आता मार! नळी कुठाय?"

सीत्स्केने घराच्या दिशेला बोट दाखवलं, आणि डौवेला आठवलं. नळी घरी होती. सरावानंतर गार पाण्यात बसायला म्हणून अंगणातलं पिंप भरायला त्यानेच ती जूनमध्ये नेली होती.

मोटरसायकलवरून पंच आली. बाउक्ये तिचं नाव. पिवळं जाकीट, हातात वही. "पूल नीट बसल्याशिवाय कोणीही पाऊल टाकायचं नाही," तिने बजावलं. "थांबलेल्यांचा वेळ मी लिहून घेतेय. तो परत मिळेल."

सगळ्यांना हायसं वाटलं आणि ते सावलीत बसले. पण पूल कधी बसणार? इथे डौवेने सायकल फाटकाला टेकवली. त्याला एकट्याला माहीत होतं, पाणी कुठे मारायचं आणि लाथ कुठे. तो पूलखोलीत शिरला, काठी घेतली आणि लाकडी बूट कालव्यात बुडवून पाणी उपसू लागला. बुटात पाणी मावणार किती! दातांच्या डॉक्टरने ते बघितलं, आपलं शिरस्त्राण काढलं, पाण्यात बुडवलं आणि ओरडली, "बसलात काय नुसते? रांग लावा!" एकतीस जणांची साखळी झाली. शिरस्त्राणं भरभरून वर येऊ लागली, पिण्याच्या बाटल्या रित्या झाल्या, आणि त्यांतल्या गोड सरबतामुळे गावातल्या यच्चयावत गांधीलमाश्या पुलावर हजर झाल्या!

पूल बोटाबोटाने उतरू लागला. शेवटचं बोट काही केल्या उतरेना. डौवे कडेला गेला आणि त्याने नेहमीच्या जागी टाचेने सणसणीत लाथ घातली. खट्टाक! पूल बसला. कट्टाक! त्याच्या बुटाची पायडलमध्ये अडकणारी खुंटी तुटली.

फाटक उघडलं आणि एकतीस जण सुसाट सुटले. डौवेला मात्र कुलूपखिट्ट्या बसवून, दिवे हिरवे करूनच निघता आलं, कारण त्यातलं अर्धं कागदावर नव्हतं. घड्याळात चार अडतीस झाले होते.

"जा, डौवे!" सीत्स्के ओरडली. "मर मर पायडल मार!"

एक पाय सारखा घसरत असताना वीस किलोमीटर त्याने कसे काढले, त्याचं त्यालाच ठाऊक. पोहोचला तेव्हा पाच चौतीस झाले होते. पण अडतीस मिनिटं परत मिळणार होती! तो हसतच बाउक्येपुढे उभा राहिला.

बाउक्येने वही चाळली, पुन्हा चाळली. तिचा चेहरा पडला. "डौवे, नियम असा आहे, जो थांबला त्याला वेळ परत. एकतीस जण थांबले होते. तुम्ही थांबला नव्हता."

"मग काय करत होतो?"

"तुम्ही कामावर होता."

धावायला निघालेली दातांची डॉक्टर तशीच मागे फिरली. "पाणी आम्हीही उपसलं! मग आम्हालाही बाद करा!"

"तुम्ही हौसेने उपसलंत," बाउक्ये म्हणाली. "पुलाची जबाबदारी यांची."

"अहो, लाज वाटते का काही? हा माणूस नसता तर आम्ही अजून तिथेच असतो!"

बाउक्येला खरंच लाज वाटत होती, बिचारीचे कान लाल झाले होते. पण डौवेने वही हातात घेतली, नियम शेवटपर्यंत वाचला, आणि त्याच्यातला अठरा वर्षं मुरलेला पूलवाला बोलून गेला, "बरोबर आहे. मीही हेच केलं असतं." मग तो सायकलीच्या आड गेला आणि चष्मा पुसत बराच वेळ उभा राहिला.

सातला तो पूलखोलीत परतला. सीत्स्केने कॉफी ओतली, बशीत एक बिस्किट ठेवलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं आणि दुसरंही ठेवलं. आमच्याकडे दुसरं बिस्किट सहजासहजी मिळत नाही.

"नाही?" तिने विचारलं.

"नाही."

तिने बाउक्येच्या सात पिढ्या उद्धरल्या. मग दोघं खिडकीशी बसली. धावण्याचा रस्ताही याच पुलावरून होता. उन्हं उतरत होती, आणि ते एकतीस जण लंगडत, कण्हत, एकेकटे पूल ओलांडत होते. दातांची डॉक्टर खिडकीखाली थांबली, तिने टोपी काढून डौवेला कडक सलाम ठोकला आणि पुढे गेली. तिच्यामागचा प्रत्येक जण तेच करू लागला. डौवे उभा राहिला, आणि शेवटचा माणूस जाईपर्यंत खाली बसलाच नाही.

"नोंदवहीवर सही कर," सीत्स्के म्हणाली. "कामावर होतास म्हणे."

त्याने पान उघडलं. तिच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं: 'चार वाजता पूल उघडला. चार अडतीसला बंद झाला. गेले: होड्या तीन, सायकली एकतीस, नवरा एक. नवऱ्याला उशीर झाला, पण तो गेला.'

डौवेने सही केली. ती जरा ओली झाली.

तो खिळा अजून भिंतीत आहे. दुसऱ्याच दिवशी सीत्स्केने घरून पाण्याची नळी आणून तिचं वेटोळं त्यावर टांगलं आणि कागदावर अठ्ठाविसावा मुद्दा लाल शाईत लिहिला. खिळा मजबूत आहे, वजन छान पेलतो. पदकाला एवढा मोठा खिळा लागलाच नसता, असं डौवे आता सगळ्यांना सांगतो.