घर बघायला आलेली माणसं

वेणूने फोन ठेवला आणि ती दारातूनच जिन्याकडे तोंड करून ओरडली, "अक्षदा, उद्या बघायला येतायत गो!"

ओरडण्यात चूक एवढीच झाली, की 'घर' हा शब्द राहून गेला.

अक्षदाचा बारावीनंतर नर्सिंगच्या कॉलेजात नंबर लागला होता. फीचा आकडा ऐकल्यावर तिच्या आईने, वेणूने, क्लार्कला दोनदा विचारलं होतं, "ही एका वर्षाची का सगळ्या वर्षांची?" एका वर्षाचीच होती. मग कोणीतरी उल्हासनगरच्या कॅम्प चारमधल्या सिंधी व्यापाऱ्यांच्या एका ट्रस्टचं नाव सांगितलं. ट्रस्ट गरजू मुलांची फी भरायचा, पण आधी घरी येऊन खात्री करायचा. "आहे तसं ठेवा, मुद्दाम काही मांडू नका," असं त्यांनी फोनवर बजावलं होतं.

मांडायला घरात होतं काय? बदलापूर पश्चिमेला, मांजर्लीत, तळमजल्यावरची दीड खोली. मागच्या पावसाळ्यात उल्हास नदी आत येऊन गेली आणि जाताना कपाट, गाद्या, मिक्सर यांतलं काही कामाचं ठेवून गेली नाही. भिंतीवर छातीइतक्या उंचीवर पाण्याची तपकिरी रेघ तेवढी राहिली होती. ट्रस्टच्या माणसांना ती रेघच दाखवायची, असं अक्षदाने ठरवून टाकलं.

वरच्या मजल्यावर सगुणाबाईंनी मात्र 'बघायला येतायत' एवढंच ऐकलं आणि कुकरचा गॅस बंद केला. अक्षदाला त्यांनी अंगाखांद्यावर खेळवलेलं. पोरीला बघायला पाहुणे येणार आणि घरात बसायला धड खुर्ची नाही, या विचाराने त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी वेणू नेहमीप्रमाणे कॅन्टीनमध्ये पोळ्या लाटायला गेली. अक्षदा झेरॉक्स काढायला स्टेशनकडे गेली. तिचे वडील, आनंदा, अंबरनाथच्या एमआयडीसीत रात्रपाळीला होते, ते अजून यायचे होते. घराची किल्ली सगुणाबाईंकडे, कारण पाणी आलं की त्याच पिंप भरून ठेवायच्या.

मायलेकी गल्लीच्या तोंडाशी भेटल्या आणि बरोबरच घरी आल्या. दार उघडंच होतं. अक्षदा उंबऱ्यावर थबकली. आपण चुकून दुसऱ्याच्या घरी आलो, असं तिला खरोखर वाटलं.

आत लाल मखमली सोफा होता. त्याच्यापुढे काचेचं टीपॉय, टीपॉयवर काजूची वाटी. कोपऱ्यात फ्रीज उभा होता, आणि तोही चालू. भिंतीवरची पुराची रेघ दिसेनाशी झाली होती, कारण तिच्यापुढे दुसऱ्या मजल्यावरच्या प्रमोदचा भलामोठा टीव्ही ठेवला होता. आणि खिडकीखाली एक फिशटँक होता. दोन जिने उतरून आलेले सोनेरी मासे अजून गडबडलेले दिसत होते.

"देवा!" वेणू एवढंच म्हणाली. एका सकाळीत एवढं सामान? कोणी उचललं? कसं उचललं? घाबरायला हवं होतं, पण क्षणभर ती नुसती बघत राहिली. आपलं घर एवढं सुंदर दिसू शकतं हे तिला ठाऊकच नव्हतं.

सगुणाबाई मोरीतून घाम पुसत आल्या. "बघतेस काय गो? जा, साडी नेस. माझी पैठणी ठेवलीय आत."

"साडी कशाला, काकू?"

"अशी ड्रेसवर बसणार पाहुण्यांसमोर? तुला बघायला येतायत ना?"

"मला नाही, काकू! घर बघायला येतायत! ट्रस्टची माणसं! आम्ही गरीब आहोत का ते बघायला!"

सगुणाबाईंनी सोफ्याकडे पाहिलं, फ्रीजकडे पाहिलं, आणि त्या मटकन सोफ्यावरच बसल्या. "मग आधी बोलायचं ना!"

"प्रमोददादांना सांगा, लवकर उचलायला लावा!"

"प्रमोद गेटवर गेलाय. त्यांना घेऊन यायला."

तेवढ्यात बाहेरून प्रमोदचा आवाज आलाच. प्रमोद फ्लॅट विकणारा एजंट. समोर माणूस दिसला की त्याचं तोंड आपोआप सुरू व्हायचं.

"या सर, या! एकदम प्राइम लोकेशन आहे. शेजार बघा, एक नंबर. आणि पार्टी कशी, तर सॉलिड! बारवी रोडला जागा आहे त्यांची. दाखवत नाहीत, पण आहे!"

आनंदांची कुठेच जागा नव्हती. प्रमोदच्या मागोमाग पांढऱ्या सफारीतले एक वयस्कर गृहस्थ आत आले. ते ट्रस्टचे लछमनदास शेठ. त्यांच्यासोबत विनीत नावाचा तरुण कर्मचारी होता. त्याने आल्याआल्या मोबाइल काढला आणि फटाफट फोटो घेतले. सोफा. फ्रीज. टीव्ही. मासे.

"फोटो नका ना काढू!" अक्षदा म्हणाली.

"गेले पण, मॅडम. अ‍ॅपमधून डायरेक्ट ऑफिसला जातात. डिलीट होत नाहीत."

शेठ मासे बघत होते. "बेटी, फॉर्ममध्ये तर तू लिहिलंस, घरात काहीच नाही."

आता सगुणाबाई पुढे सरसावल्या. आपण केलेलं आपणच निस्तरायचं, या निश्चयाने त्यांनी डोळ्यांना पदर लावला. "काय सांगू शेठ, फार हलाखी आहे हो! पोरगी उपाशी झोपते!" आणि सवयीने त्यांनी फ्रीज उघडून पाहुण्यांसाठी रसमलाईचा डबा बाहेर काढला.

प्रमोदला काहीच कळेना. मुलीकडच्या बाईने अशा वेळी उपासमारीचं बोलावं? तो खुणा करून सगुणाबाईंना थांबवू लागला, सगुणाबाई खुणा करून त्याला. प्रमोदने त्याचा अर्थ असा घेतला, की बोलणी आता आपणच हातात घ्यावीत. तो विनीतच्या शेजारी बसला.

"बाकी सोडा. तुमचं पॅकेज किती?"

"माझं?" विनीत गोंधळला. "चौदा हजार. पण त्याचं इथे काय?"

प्रमोदचा चेहरा पडला. मग हळूहळू लाल झाला. "चौदा? आणि या पोरीला बघायला आलात? शेठ, स्पष्ट बोलतो, राग मानू नका. पूर आला तेव्हा हे सगळे माझ्याकडे वर होते. खाली पाणी घरात घुसलेलं, लाइट नाही, आणि ही पोरगी मेणबत्ती लावून माझ्या किचनच्या ओट्यावर बायोलॉजी वाचत होती. मी म्हटलं, झोप आता. तर म्हणते, दादा, चॅप्टर राहिलाय. अशी मुलगी तुम्हाला पोळ्या लाटायला पाहिजे?"

"अरे भाई, पण..." शेठ म्हणाले.

"पण-बिण नाही! मुलगी पाहिजे तर आधी तिची नर्सिंगची फी भरा. सगळ्या वर्षांची. स्टॅम्पपेपरवर लिहून द्या. जमत नसेल तर रसमलाई खा आणि सुटा!"

अक्षदा प्रमोदकडे डोळे विस्फारून बघत होती. एरवी भेटला की तो फक्त कार्पेट एरियाबद्दल बोलायचा. त्या रात्री ओट्यावर आपण काय वाचत होतो, हे त्याच्या लक्षात असेल असं तिला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

मग तिने सगळं सांगून टाकलं. लग्न नाही, ट्रस्ट आहे. सोफा आणि फ्रीज सगुणाकाकूंचे, टीव्ही आणि मासे प्रमोददादांचे, रसमलाईसुद्धा आमची नाही. प्रमोदने दोन्ही हातांनी डोकं धरलं.

शेठ सोफ्यावरून उठले. "ठीक आहे. सोफा उचला. मला घर बघायचंय."

सामान निघालं. प्रमोदने टीव्ही उचलला, वेणूने टीपॉय. फिशटँक विनीतनेच एका बाजूने धरला, आणि जिन्यात त्याचा शर्ट भिजला. अर्ध्या तासात खोली रिकामी झाली आणि भिंतीवरची रेघ पुन्हा दिसू लागली. शेठ तिच्याजवळ गेले. रेघ त्यांच्या छातीवरच्या खिशाला लागत होती. "इथपर्यंत?" त्यांनी हळू आवाजात विचारलं. मग मान वर करून त्यांनी छताकडे पाहिलं, जणू वरच्या मजल्यांवरच्या माणसांना मोजत होते.

"विनीत, नवे फोटो काढ."

विनीत मोबाइल पुसतच होता, तेवढ्यात दार धाडकन उघडलं. आनंदा आत आले. रात्रपाळीने डोळे लाल, हातात डबा. नाक्यावरच्या रिक्षावाल्यांनी त्यांना थांबवून अभिनंदन केलं होतं. सगुणाबाईंनी सकाळीच तिथे सांगून ठेवलं होतं ना!

आनंदा स्वभावाने अबोल माणूस. अक्षदाच्या शिक्षणाबद्दल त्यांनी आजवर हो म्हटलं नव्हतं की नाही म्हटलं नव्हतं. फीचा आकडा ऐकला तेव्हाही ते उठून नुसते बाहेर जाऊन उभे राहिले होते. अक्षदाने त्याचा अर्थ 'नाही' असाच धरला होता.

त्यांनी सफारीतल्या शेठना पाहिलं, ओल्या शर्टातल्या विनीतला पाहिलं, आणि डबा जमिनीवर आदळला.

"लग्न होणार नाही!"

"अहो..." वेणू म्हणाली.

"तू बोलू नको! मला न विचारता ठरवलंच कसं? ती शिकणार आहे! मी सायबाकडे डबल ड्युटी मागून आलोय, चार महिने मागतोय, आज दिली त्याने! ती सिस्टर होणार! पांढरा कोट घालून अंबरनाथला कंपनीसमोरून जाणार, आणि मी सगळ्यांना दाखवणार, ती बघा, माझी पोरगी! तुम्ही मोठी माणसं असाल, शेठ, पण माझी पोरगी अर्धवट सोडायला जन्माला नाही आली!"

सगुणाबाई मध्ये बोलायला गेल्या. वेणूने त्यांचा हात घट्ट धरला. "थांबा ना. बोलू दे त्यांना," ती कुजबुजली. "लग्नाला वीस वर्षं झाली, एवढं कधी बोलले नाहीत."

आनंदांचा श्वास संपला. अक्षदा त्यांच्याकडे बघत होती. या माणसाच्या कष्टाचं खाऊन ती मोठी झाली होती, आणि आज पहिल्यांदा त्याला भेटत होती.

लछमनदास शेठनी दोन्ही हात जोडले.

"साईं, लग्न मोडलं. एकदम मोडलं. आता जरा फीचं बोलू या का? आम्ही त्यासाठीच आलोय."

आनंदांनी शेठकडे पाहिलं, मग वेणूकडे, मग अक्षदाकडे. अक्षदा हसतही होती आणि रडतही होती, तेव्हा त्यांना हळूहळू उमजलं. त्यांनी खाली वाकून डबा उचलला, आणि नेहमीच्या, ऐकू येईल न येईल अशा आवाजात वेणूला विचारलं,

"चहा दिलास का त्यांना?"