नर्सबाईंच्या घराचं हुबेहूब चित्र

ड्रॉइंगच्या मास्तरांना घर विकत घ्यायचं होतं, आणि तेही राहायला नव्हे, भाड्याने द्यायला. निवृत्ती तोंडावर आली होती आणि पेन्शन नावालाच मिळणार होती. शिवाय साधा ब्रश घेतानाही बायकोला विचारणाऱ्या मास्तरांना एक तरी व्यवहार स्वतःच्या अकलेने करून दाखवायचा होता.

घरही हेरून ठेवलं होतं. गल्लीच्या टोकाला नर्सबाईंचं दुमजली घर. खाली त्या स्वतः राहत आणि वरच्या दोन खोल्या विकायला काढल्या होत्या. बाजार पडलेला असल्याने किंमत मास्तरांच्या आवाक्यात होती. अडलं ते बँकेत.

"हप्ता भाड्यातून निघणार असेल तर कर्ज देतो," कर्जविभागाचे साहेब म्हणाले, "पण तिथे भाडेकरू मिळतात का, ते आधी दाखवा."

मास्तरांनी त्याच संध्याकाळी 'खोल्या भाड्याने देणे आहे' अशी जाहिरात करायला घेतली.

"अहो, घर अजून आपलं झालंय कुठे?" बायकोने विचारलं.

"म्हणून तर पत्ता टाकत नाही. नुसता फोन नंबर. किती फोन येतात ते साहेबांना दाखवायचं. याला बाजाराचा अभ्यास म्हणतात!"

पण नुसत्या अक्षरांवर मास्तरांचा हात थांबेना. त्यांनी घरच काढलं. वाकलेला कठडा, निळं दार, खिडकीत पसरलेलं लठ्ठ मांजर आणि त्याच्या पाठीवर ऊन. तो भलामोठा कागद बाजारातल्या फलकावर लावून ते फोनपाशी येऊन बसले.

फोन काही वाजला नाही. दुसऱ्या दिवशी बँकेचे साहेब घर पाहायला येणार होते, म्हणून मास्तर पडेल चेहऱ्याने नर्सबाईंकडे निघाले. "मीही येते," म्हणत बायको मागोमाग निघाली.

नर्सबाईंच्या जिन्यावर रांग लागली होती. खाली दारापर्यंत माणसं उभी होती आणि नर्सबाई किल्ल्यांचा जुडगा घेऊन एकेकाला खोल्या दाखवत होत्या.

"तुम्ही इथे कसे?" मास्तरांनी रांगेतल्या शिंप्याला विचारलं.

"चित्र बघून आलो."

"पण त्यावर फोन नंबर होता!"

"फोन कशाला करायचा? ते मांजर रोज बघतो की मी!"

तेवढ्यात साहेब आले. रांग पाहून खूश झाले. "वा! एवढी मागणी? भाडंही चढं मिळेल. मास्तर, तुमचं कर्ज मंजूर समजा!"

मास्तर धावतच वर गेले. "बाई, कर्ज झालं! उद्याच इसार देतो."

"कसला इसार?" नर्सबाई म्हणाल्या. "वर कोण राहायला येणार, म्हणून विकत होते. आता मीच भाड्याने देणार. एवढी माणसं कोणी पाठवली, देव जाणे!"

मास्तर मटकन पायरीवर बसले. म्हातारपणाची सोय गेली होती, आणि ती त्यांनी स्वतःच्या हाताने, रंगीत करून घालवली होती.

"ते चित्र काढलंय कोणी हो?" रांगेतल्या एका नव्या नवरीने विचारलं.

"मी," मास्तर पुटपुटले. सगळी रांग त्यांच्याकडे वळली. शाळेच्या सभागृहात त्यांनी काढलेल्या संस्थापकांना मुलं आजवर शिपाईमामा समजत आली होती, आणि इथे अख्ख्या बाजाराने घर ओळखलं होतं! मास्तरांना खरोखर वाईट वाटत होतं, पण छाती काही ऐकेना, फुगतच चालली. "मांजरसुद्धा ओळखलंत?" त्यांनी शिंप्याला पुन्हा विचारलं.

मग सगळा उलगडा झाल्यावर नर्सबाईंनी माणूस पाठवून तो कागद मागवला. बराच वेळ त्या बघत राहिल्या.

"माझं घर इतकं देखणं आहे, मला माहीतच नव्हतं. मास्तर, हे मला विकत द्या. काय घ्याल?"

"छे छे, पैसे कसले! असंच—"

बायकोने मास्तरांचा दंड दाबला. तिने चित्र हातात घेतलं, चारी कोपरे तपासले, उलटून मागून पाहिलं.

"विकायचं नाही," ती ताठ मानेने म्हणाली. "यांची चित्रं आम्ही भाड्याने देतो. महिन्याचे पैसे आगाऊ, अनामत वेगळी. आणि खिळा भाडेकरूचा."