अर्बाबची रायफल आणि सावंतकाकांचा निकाल

सावंतकाका कुठलीही वस्तू घेण्याआधी ती वाजवून बघतात. इथे मस्कतला अल मवालेहच्या मंडईत कलिंगड सगळेच वाजवतात. काका दुकानात खुर्च्या वाजवतात. इस्त्री, कुकर, प्लॅस्टिकची बादली, सगळ्यांना कान लावून झाला की म्हणतात, "बघूया. घाई कित्याक?" आणि रिकाम्या हातांनी बाहेर पडतात. आमच्या खोलीत अजून धड बादली नाही.

काका कुडाळकडचे, आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर काम करणारे सर्वांत जुने कारागीर. मी तिथला स्टोअरकीपर आणि त्यांचा खोलीतला सोबती. माझ्याकडे गाडी आहे, एवढ्या एका गुन्ह्यापायी माझे सगळे शुक्रवार एका रायफलीच्या कामी आले.

रायफल होती आमच्या अर्बाबची, म्हणजे वर्कशॉपच्या म्हाताऱ्या मालकांची. बायको गेलेली, मुलं मस्कतात, आणि हे फंजा गावात खजुराच्या बागेत. वडिलांची जुनी लष्करी रायफल त्यांनी रीतसर परवाना काढून जपली होती. नळी गंजलेली, लाकडी दस्ता तडकलेला. शाबूत होती ती फक्त ॲक्शन, म्हणजे बोल्ट सरकतो तो मधला पोलादी गाभा. त्यावर नवी नळी आणि नवा दस्ता चढवून शिकारीची रायफल करावी की नाही, एवढाच निकाल त्यांना काकांकडून हवा होता.

दर शुक्रवारी कहवा, खजूर, मग रायफल चटईवर. काका डोळे मिटून बोल्ट मागेपुढे करत. अर्बाब त्यांच्या तोंडाकडे बघत, मी घड्याळाकडे.

"क्या बोलता है, सावंत?"

"देखेंगे अर्बाब. आवाज अभी साफ नहीं आया."

मग शिकारीच्या गप्पा. अर्बाबचा मान राखायचा म्हणून काका गावाकडच्या रानडुकरांना हरणं म्हणत. त्यामुळे कुडाळची हरणं नांगरल्यासारखी शेतं उकरतात आणि माणसाच्या अंगावर धावून येतात, अशी अर्बाबची पक्की समजूत आहे.

इथे शिकारीला बंदी आहे, हे मी एकदा गाडीत काढलं. काका म्हणाले, "पुढे बघून गाडी चालव."

तेलाचे भाव पडले त्या वर्षी वर्कशॉपचा कारभार बघणाऱ्या अर्बाबच्या मुलांनी जुन्या माणसांना घरी पाठवायचं ठरवलं. काकांचं नाव पहिलं. आता निकाल द्यायलाच हवा होता.

शेवटच्या शुक्रवारी काकांनी रायफल मांडीवर घेतली, पण बोल्टला हात लावला नाही.

"अर्बाब, मत बनाओ. अंदर से घिस गया है. नया नली लगाएगा तो मुँह पे फटेगा. मेरे को पहले दिन ही मालूम पड़ा था."

माझं डोकंच फिरलं. मग इतके शुक्रवार मी गाडी हाकली ती कशासाठी?

अर्बाब काकांना कहवा ओतत होते. "मेरे को भी मालूम था. उधर निझवा शहर का बंदूक का कारीगर पहले ही बोला था."

"फिर मेरे को क्यों पूछा?"

"तुम जुम्मे को बंद वर्कशॉप में अकेला बैठता था, सावंत. मैं देखा."

परतताना फंजा मागे पडलं. मग काका म्हणाले, "माका वाटला, म्हातारो एकटो आसा. म्हणान मी लांबवत होतंय."

मी गाडीचा वेग कमी केला.

"आता शुक्रवारचो त्येच्याकडे कोण जातलो?"

"मी आहे ना, काका."

"तुका बंदुकीतला काय कळता?" असं म्हणून काकांनी खिडकीकडे तोंड फिरवलं आणि ते रडायला लागले.