शकुंतलाबाईंचा खरा डाएट चिवडा

"साऱ्या पांढुर्ण्याचं पोट माझ्या बायकोनं आत नेलं!" दादाराव रेवतकर छाती पुढे काढून सांगायचे. छातीखाली त्यांचं स्वतःचं पोट शर्टाच्या गुंड्यांशी झटापट करत असायचं, पण तिकडे बोट दाखवायची कोणाची छाती नव्हती. ऐकणाऱ्यांच्या गुंड्यांचीही तीच गत होती!

विषय असायचा शकुंतलाबाईंच्या चिवड्याचा. पांढुर्णा जिल्हा झाला, गावात साहेब वाढले, साहेबांमागे पोटं वाढली आणि पोटांमागे डाएट आलं. शकुंतलाबाई बिचाऱ्या साधा चिवडा करत होत्या, आईनं शिकवला तसा. ज्वारीच्या लाह्या, तेलात तळलेले शेंगदाणे, खोबऱ्याचे काप, कढीपत्ता आणि वरून सढळ हातानं पिठीसाखर. एकदा हळदीकुंकवाला शाळेतल्या वंदना मॅडमनी मूठभर तोंडात टाकला आणि तिथल्या तिथे निकाल दिला, "ज्वारी आहे म्हणजे डाएटच झालं नं, काकू!"

बाजारातला किराणावाला हिरामण बायकोला न्यायला दारात उभा होता. त्याच्या कानावर तो शब्द पडला. थोड्याच दिवसांत पाकिटं छापून आली! पाकिटावर एक सडपातळ बाई टेपनं कंबर मोजत हसत होती आणि डोक्यावर लाल अक्षरं होती, 'शकुंतलाबाईंचा डाएट चिवडा'.

"भाऊ, यात डाएट काय आहे?" शकुंतलाबाईंनी विचारलं.

"ते मॅडमले माहीत, वहिनी. शिकलेल्या आहेत!"

शिकलेल्या बाईपुढे आपण काय बोलणार? शकुंतलाबाईंनी पाकिटं भरायला घेतली, आणि चिवडा असा खपला की विचारू नका. सकाळी फिरायला जाणारे खिशात पाकीट घेऊन निघत आणि चालण्यापेक्षा चावण्यातच जास्त घाम गाळत. सौंसरहून मागणी आली, लोधीखेड्याहून आली. हाताखाली करुणा नावाची बाई ठेवावी लागली. गुडघ्यांनी तिचं शेतातलं काम सोडवलं होतं, पण बसल्या जागी लाह्या चाळायचं काम तिला मानवलं. घर त्यावर चालू लागलं. आणि साठीला आलेल्या शकुंतलाबाईंना लोक जन्मात पहिल्यांदा 'दादारावांच्या घरच्या' म्हणायचं सोडून 'चिवड्यावाल्या काकू' म्हणू लागले. तो मान त्यांना पिठीसाखरेहून गोड लागला.

सगळ्यात मोठं गिऱ्हाईक घरातच होतं. दादारावांना मधुमेह. त्यांनी भात सोडला, चहातली साखर सोडली आणि चिवडा धरला. जेवणाआधी भूक मारायला, जेवणानंतर पचायला, आणि मधल्या वेळी सवय मोडू नये म्हणून! पायाच्या अंगठ्याला चप्पल लागून झालेली जखम काही भरेना, तेव्हा शकुंतलाबाईंनी त्यांना ओढत डॉक्टरांकडे नेलं.

डॉक्टरांनी रिपोर्ट पाहिला. "दादाराव, ही शुगर आहे का साखर कारखाना? खाता काय?"

"काहीच नाही जी! निस्ता डाएट चिवडा खाऊन राहिलो!"

"त्यात काय असतं?"

शकुंतलाबाईंनी सरळ सांगायला सुरुवात केली. तेलापर्यंत डॉक्टर लिहीत होते. पिठीसाखरेला त्यांचं पेन थांबलं. त्यांनी हळूच टेबलाचा खण उघडला आणि अर्धं संपलेलं पाकीट बाहेर काढलं. सडपातळ बाई हसतच होती.

"बाई," ते खोल आवाजात म्हणाले, "हे मी पेशंट लोकांना सांगून राहिलो!"

मग त्यांनी अंगठा पुन्हा पाहिला आणि त्यांचा चेहरा बदलला. "ऐका. हे असंच चाललं तर अंगठा काढावा लागेल."

दुसऱ्या दिवशी सकाळी शकुंतलाबाईंनी पदर खोचून पिठीसाखरेचा डबा उचलून शेजारी देऊन टाकला. लाह्या कोरड्या भाजल्या. शेंगदाणे मोजके. तेल म्हणजे कढईला नुसती ओळख पटावी इतकं.

करुणानं चिमूटभर तोंडात टाकला आणि बराच वेळ चावत राहिली. "काकू, नाव पहिलेपासूनच डाएट होतं. आता खरंच डाएट केलं, तर लोक खातीन काय?"

"काहून नाही खाणार? त्यांच्याच भल्याचं आहे नं!"

इथेच शकुंतलाबाई चुकल्या!

आठवडाभरात गाव पेटलं. कोणी म्हणे, चिवडा खाताना दाढ हलली. कोणी म्हणे, काकूंचे दिवस फिरले, माणूस वर चढला की तेल चोरतो. नव्या चिवड्यानं वजन वाढतं, अशीही तक्रार एका साहेबांनी केली! चिवडा बेचव लागला म्हणून ते साहेब वर दोन बटाटेवडे खात होते, ही गोष्ट वेगळी. सौंसरहून खोकी जशीच्या तशी परत आली. हिरामण दारात उभा राहून कळवळला, "वहिनी, लोक माझ्या तोंडावर पाकिटं फेकून राहिले!"

आणि एका रविवारी वंदना मॅडम बायकांचा जथा घेऊन घरीच आल्या.

"काकू, तुम्ही आमचा विश्वासघात केला. चव काहून बदलली?"

शकुंतलाबाईंना वाटलं, खरं सांगावं, बायका समजूतदार आहेत. "हे पाहा, मॅडम. जुन्यात साखर होती, तेल होतं. यांच्या पायाची अशी गत झाली. आताचा आहे तो खरा डाएट."

आतल्या खोलीत करुणाची चाळणी चालता चालता थांबली.

"म्हणजे इतके दिवस तुम्ही आम्हाला साखर चारली?"

"मॅडम, डाएट तर तुम्हीच म्हटलं होतं!"

"मी म्हटलं, पण छापलं तर तुम्ही नं!"

मग एकच गलका झाला. आधी फसवलं म्हणून निम्म्या ओरडल्या, आता फसवलं म्हणून उरलेल्या. त्या गोंधळात कोपऱ्यातली एक बाई काकुळतीनं म्हणाली, "काकू, झालं ते झालं. जुनाच करा. पण हे सांगायची काय गरज होती? सुखानं खात होतो आम्ही!"

सगळ्यांनी माना डोलावल्या. सगळ्यात जोरात मान डोलावली ती पाटावर पाय ठेवून बसलेल्या दादारावांनी!

"बरोबर आहे बायकांचं! लाह्या आहेत का कागदाचे बोळे? अवं, माणसानं जगावं तरी कशासाठी?"

शकुंतलाबाईंनी नवऱ्याच्या अंगठ्याला बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. ती पट्टी रोज सकाळी त्याच बदलत होत्या. त्या उठून आत गेल्या.

धंदा बसला. रस्त्यात बायका तोंड फिरवू लागल्या. 'चिवड्यावाल्या काकू' जाऊन 'साखर चारणारी बाई' झाली. काम नव्हतं तरी करुणा रोज यायची, ओट्यावर बसून स्वच्छ चाळणी पुन्हा पुन्हा पुसायची आणि संध्याकाळी घरी जायची. तिचं ते पुसणं शकुंतलाबाईंना जथ्याच्या ओरडण्याहून जड गेलं.

हिरामण पुन्हा आला तो गूळ लावलेल्या आवाजात. "वहिनी, जुना चिवडा करा. तुमचं नाव बुडालं, माझं टाकतो. हिरामण चिवडा! कोणाले सांगायचं नाही, बस."

"करते. पण डाएट लिहू नका."

"चिवडा तुमचा, वहिनी. पाकीट माझं!"

त्यांनी त्याला घालवून दिलं. दुसऱ्या दिवशी करुणा आली, चाळणी घेऊन बसली आणि पुसू लागली. शकुंतलाबाईंनी ते पाहिलं आणि त्यांनीच हिरामणला फोन लावला.

घरात मात्र त्यांनी जुन्या चिवड्याचा दाणा ठेवला नाही. घाणा निघाला की बांधून खोली बंद, किल्ली कमरेला. दादारावांना कोरड्या लाह्या. दादाराव मुकाट्यानं खाऊन 'जरा फिरून येतो' म्हणायचे. फिरण्याची त्यांची ही नवी आवड पाहून शकुंतलाबाई सुखावल्या होत्या. ते फक्त हिरामणच्या दुकानापर्यंत फिरतात हे त्यांना कळलं तेव्हा उशीर झाला होता. अंगठा नागपूरला काढावा लागला.

दादाराव घरी आले, तशी भेटणाऱ्यांची रीघ लागली. चांगली माणसं! रिकाम्या हातानं कोणी आलं नाही. आजाऱ्याला गोड चालत नाही, म्हणून प्रत्येकानं अगदी विचार करून एकच वस्तू आणली. खाटेशेजारच्या कोनाड्यात 'हिरामण डाएट चिवडा'ची पाकिटं रचली गेली, आणि प्रत्येक पाकिटावर तीच सडपातळ बाई कंबर मोजत हसत होती.

वंदना मॅडमही आल्या. त्यांनी राग सोडला होता. पाकीट स्वतःच फोडून त्यांनी शकुंतलाबाईंच्या हातावर मूठभर ओतलं.

"चाखून पाहा, काकू. याला म्हणतात डाएट! तेलाचं नाव नाही, आणि चव पाहा. शिकून घ्या काही."

शकुंतलाबाईंनी चार दाणे तोंडात टाकले. "मीठ जरा जास्त पडलं," त्यांच्या तोंडून निघून गेलं.

"काकू, दुसऱ्याचं चांगलं झालं तर असं जळू नये!"

"मी बी तेच सांगतो हिला," दादाराव खाटेवरून म्हणाले आणि पाकिटाकडे हात लांबवला.

तेवढ्यात आतून करुणाचा आवाज आला, "काकू, तेल तापलं! शेंगदाणे सोडू का?"

वंदना मॅडमनी नाक वर करून वास घेतला. "वा! काय खमंग वास सुटला आहे. काय करून राहिले आज?"

"डाएट," शकुंतलाबाई म्हणाल्या, आणि झारा घेऊन आत गेल्या.