कंपनी फिटिंग

साबळेकाकांच्या पाकिटात मंगलकाकूंचा फोटो नाही. स्क्रू आहे. लोक जिथे देवाचा फोटो ठेवतात त्या कप्प्यात, प्लॅस्टिकच्या इवल्याशा पिशवीत, काकांच्या गाडीच्या अ‍ॅश-ट्रेचा एक जादा स्क्रू. ऑस्ट्रेलियातल्या कुठल्याशा भंगारवाल्याशी महिनोन्महिने पत्रव्यवहार करून मागवलेला. काकांनी जन्मात सिगारेट ओढलेली नाही.

"मग अ‍ॅश-ट्रे हवाच कशाला?" असं मी एकदा विचारलं होतं.

"कंपनीने दिलाय ना? मग असला पाहिजे."

काकांच्या जगात दोनच जाती आहेत. एक कंपनी फिटिंग, दुसरं बाहेरचं काम. मंडळाच्या गणपतीत कुणीतरी चॉकलेटचे मोदक आणले तेव्हा काकांनी एक उचलला, उलटासुलटा करून पाहिला आणि "बाहेरचं काम" म्हणून परत ठेवला. माझी बायको पोळीत चीज घालून मुलांना रोल करून देते, तेही बाहेरचं काम. मी चाळिशी उलटल्यावर पहिल्यांदा केसांना रंग लावला, तर इथे परदेशात, क्वीन्सटाउन भागातल्या आमच्या ब्लॉकच्या लिफ्टमध्ये, दोन चिनी आज्या आणि एक कुत्रा यांच्यासमक्ष, काका माझ्या डोक्याकडे बघून म्हणाले, "देसाई, कंपनीचा कलर राहिला नाही." मराठीत म्हणाले म्हणून वाचलो.

आता गाडीविषयी. साठच्या दशकातली, दोन दारांची, आठ सिलिंडरची, ऑस्ट्रेलियन बनावटीची मसल कार. मसल कार म्हणजे मला समजलं ते असं की, गाडी मध्यम आणि इंजिन राक्षसाचं. शहराच्या टोकाला, तुआसच्या कारखान्यांच्या भागात एका चिनी कंत्राटदाराच्या आवारात ती ताडपत्रीखाली कुजत पडली होती. काका तिथल्याच जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनिअर. रोज जाता-येता त्यांना ताडपत्रीतून एक दिवा दिसायचा. शेवटी न राहवून त्यांनी ताडपत्री उचलली आणि संसाराला सवत आणली. हे सवत वगैरे काकूंचे शब्द.

ज्या शहरात साधी गाडी घ्यायची तर आधी गाडी घेण्याचा परवाना घ्यावा लागतो, आणि खाली उतरलं की एमआरटीची मेट्रो हजर असते, तिथे असलं धूड पाळणं म्हणजे निव्वळ वेड. त्यातून जुन्या गाड्या इथे वर्षातले ठरावीकच दिवस रस्त्यावर काढता येतात. काका ते दिवस पाहुण्यांसाठी लपवलेल्या चकल्यांसारखे पुरवून वापरतात.

यार्डातल्या एका ओळखीच्या शेडमध्ये काकांनी कित्येक वर्षं ती गाडी उलगडली आणि परत जोडली. सगळं जसं कारखान्यातून निघालं होतं तसं. रेडिओतून फक्त खरखर येते, पण ती कंपनीची खरखर आहे. गाडीच्या आतल्या, मागचं दाखवणाऱ्या आरशाला बुरशीचे ठिपके आहेत, त्यात धड काही दिसत नाही. पण आरसा मूळचा, त्यामुळे तो बदलायचा नाही. काका त्यात बघतही नाहीत. "मागून येणारा त्याचं तो बघून घेईल," म्हणतात.

दसऱ्याला काकूंनी गाडीच्या बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक काढायला बोट पुढे केलं, तर काका आडवे आले. रंग मूळ नंबरप्रमाणे बनवून घेतलेला, त्यावर कुंकवाचा डाग बसला तर? शेवटी स्वयंपाकघरातलं क्लिंग फिल्म आणून बॉनेटवर पसरलं आणि त्यावर पूजा झाली. हळद, कुंकू, अक्षता, झेंडू, सगळं प्लॅस्टिकवर. आरती झाल्यावर काकांनी चारी कोपरे धरून स्वस्तिक अलगद उचललं.

"देवाला पोचलं असेल का हो?" काकूंनी मला विचारलं. मी प्रसादाकडे लक्ष दिलं.

या मूळपणाचा एकच कट्टर विरोधक होता, तो म्हणजे काकांचा मुलगा केदार. इथेच वाढलेला, बँकेत नोकरी, लग्नानंतर शहराच्या दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला राहायला गेलेला. त्याचंही गाडीवर प्रेम होतं, फक्त त्याला ती बदलायची होती.

"बाबा, नवीन ब्रेक लावा, एसी लावा, इंजिन चेंज करा. बाहेरून सेम दिसेल, आतून मॉडर्न. सगळे तसंच करतात, लाह."

"मग गाडी कुठली राहिली? टोपण तेवढं जुनं. आणि केदार, मूळ इंग्रजीत हे इथलं 'लाह' नाही."

"गाडी चालवायला असते, बाबा. म्युझियम नाय ती. या गरमीत कोण बसणार तुमच्याबरोबर?"

खरं सांगू का, केदारचं चुकत नव्हतं. मी एकदा बसलोय. सीटा रेक्झिनच्या, खिडकीतून भट्टीची हवा, आणि उतरताना माझा शर्ट सीटने ठेवून घेतला. पण काकांचंही मला पटायचं. जगात कुणीतरी एखादी गोष्ट जशी होती तशी जपावी, असं मलाही वाटतं. फक्त मी त्यात बसू नये, एवढंच.

आणि तिथेच तर गोची झाली. ज्या वर्षी गाडी पूर्ण झाली, त्या वर्षी बसायला कुणी उरलं नाही. काकांनी ती हाती घेतली तेव्हा केदार शाळेत होता. रविवारी तिघांनी ईस्ट कोस्टला जायचं, समुद्राकाठी डबा उघडायचा, असा बेत होता. शेवटचा नट बसेपर्यंत केदारला मुलगी झाली होती आणि काकूंना उन्हाने चक्कर येऊ लागली होती. काका आपले राखून ठेवलेल्या दिवशी एकटेच जाऊन एकटेच परत यायचे. मागच्या सीटवर तर प्लॅस्टिकचं कव्हर तसंच होतं, कारण तिथे कुणी बसलंच नव्हतं.

फक्त जुईला ती गाडी आवडायची. जुई म्हणजे केदारची मुलगी, चार वर्षांची व्हायची होती. इंजिन सुरू झालं की आमच्या कारपार्कात दोन-तीन गाड्यांचे अलार्म आपोआप वाजतात, वरच्या मजल्यावरची चिनी आजी खिडकी धाडकन लावते, आणि जुई टाळ्या पिटत ओरडते, "आबा, अगेन!"

एका रविवारी ती सरळ मागच्या सीटवर चढून बसली. केदारने तिला उचलून खाली घेतलं.

"मागे बेल्ट नाही. बेल्ट नाही तर चाइल्ड सीट बांधणार कुठे? नो बेल्ट, नो जुई."

"त्या काळी मागे बेल्ट देतच नव्हते," काका म्हणाले. "गाडी आली तशीच राहणार."

"ओके. मग ती यात कधीच बसणार नाही."

जुईने भोकाड पसरलं. केदार तिला घेऊन निघून गेला. काका फडक्याने दाराचं हँडल पुसत राहिले. ते आधीच लखलखत होतं.

पुढच्या आठवड्यात काकांचा फोन आला. "देसाई, रविवारी दुपारी मोकळा आहेस? तुआसला चल. उजेडाला बॅटरी धरायला माणूस हवाय."

शेडमध्ये जाऊन बघतो तर गाडीची मागची सीट बाहेर काढून ठेवलेली. तळाच्या पत्र्यावर खडूने गोल आखलेले. बाकावर नवे कोरे सीट बेल्ट, जाड बोल्ट आणि पत्र्याला खालून आधार द्यायला कापलेल्या लोखंडी पट्ट्या. काकांच्या हातात ड्रिल मशीन होतं.

मला गाडीतलं कळत नाही, पण इतकं कळत होतं की पुढच्या रविवारी जुन्या गाड्यांचा शो आहे, त्यात मूळ स्थितीतल्या गाड्यांचा वेगळा गट आहे, आणि काका इतकी वर्षं जगले ते त्या गटासाठी.

"काका, शो होऊन जाऊ दे. मग पाडा भोकं."

"आजचा सोडून गाडी बाहेर काढायचा या वर्षीचा एकच दिवस उरलाय. त्याच दिवशी जुईचा वाढदिवस आहे. शो संपला की तिथूनच सेंगकांगला जायचं, तिला फिरवायचं. शब्द दिलाय मी."

"मग नंतर भोकं वेल्डिंग करून बुजवता येतील?"

"येतील की. कुणाला कळणारही नाही." काका थांबले. "मला कळेल."

त्यांनी ड्रिल टेकवलं आणि परत उचललं. पुन्हा टेकवलं, पुन्हा उचललं. जहाजांचे पत्रे कापण्यात ज्याचं आयुष्य गेलं, त्या माणसाला एक भोक पाडवेना. मग त्यांनी दुसरा हात गाडीच्या छतावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "माफ कर गं बाई." आणि बटण दाबलं. पत्र्याचं मला काय पडलंय, पण त्या म्हाताऱ्याचं वाईट वाटलं.

सगळे बोल्ट घट्ट बसल्यावर काका खाली वाकले आणि पडलेला लोखंडाचा कीस कागदात गोळा करू लागले.

"हा कशाला?"

"कंपनीचं लोखंड आहे. टाकतात होय?" ती पुडी पाकिटात, स्क्रूशेजारी गेली.

शोच्या सकाळी काकू खाली आल्या, कुंकवाचं बोट थेट बॉनेटवर टेकवलं आणि काकांकडे बघत उभ्या राहिल्या. काकांनी हातातलं फडकं खिशात घातलं. क्लिंग फिल्म घरीच राहिलं होतं.

परीक्षक होते मिस्टर टान, काकांच्याच वयाचे एक किडकिडीत गृहस्थ. त्यांनी इंजिन पाहिलं, रेडिओची खरखर डोळे मिटून ऐकली, अ‍ॅश-ट्रेचा स्क्रू नखाने टोकरून पाहिला आणि "वा! करेक्ट स्क्रू!" म्हणाले. काकांचा चेहरा असा फुलला की, एवढ्यावरच घरी जावं असं मला वाटलं. मग टानसाहेबांनी मागे बॅटरी मारली.

"मिस्टर साबळे, धिस वन नॉट ओरिजनल, लाह."

एरवी काकांनी निदान वादाला तोंड फोडलं असतं. वायपरच्या रबरावरून त्यांनी माणसं तोडली आहेत.

"येस," काका म्हणाले. "आय नो."

टानसाहेब हळहळले. सगळी गाडी बघून झाली होती, आणि ती जिंकणार होती हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं. खाली वाकून त्यांनी समजावलं, "टेक आउट, क्लोज द होल, पेंट. नेक्स्ट इयर कम अगेन. शुअर विन."

काकांनी सीटच्या मागचा तो काळा पट्टा थोडा ओढून पाहिला. नीट बसलाय ना, याची खात्री केली.

"कॅनॉट, लाह," ते म्हणाले. "नेक्स्ट इयर शी विल बी ओन्ली फाइव्ह."

मी त्यांच्या तोंडून 'लाह' पहिल्यांदाच ऐकलं.

सेंगकांगला जुई ब्लॉकखाली नवा फ्रॉक घालून उभीच होती. मागच्या सीटवरचं प्लॅस्टिक काकांनी स्वतः फाडून काढलं. केदारने चाइल्ड सीट बांधली, पट्टा दोनदा हिसडून पाहिला, मग काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि मुलीशेजारी जाऊन बसला. पुढे मी, शर्ट चिकटलेला.

"आबा, सो हॉट, लाह!" जुई ओरडली. "अगेन! फास्टर!"

ईस्ट कोस्टपर्यंत सगळा वेळ काका त्या ठिपक्या-ठिपक्यांच्या आरशात बघत होते. आमच्या मागे एकही गाडी नव्हती.