नेनेकाकांचा तांब्या

मंगला गौरीच्या देवळाजवळच्या आमच्या गल्लीत नेनेकाकांना आपल्या घरचं पाणी पाजू शकलेला माणूस नव्हता. काका निवृत्त संस्कृत शिक्षक, आमच्या समोरच राहतात, एकटे. कुठंही जाताना हातात झाकणाचा पितळी तांब्या. लग्नात तांब्या, बँकेत तांब्या. पाणी विचारलं की म्हणायचे, “नियम म्हणजे नियम. आपलं पाणी आपल्याजवळ!” आणि उभ्याउभ्याच निघायचे. त्यांच्या या कडक सोवळ्याला आम्ही सगळे मनातल्या मनात हसायचो.

माझ्या आठ वर्षांच्या मुक्ताचं पोट वर्षभर दुखत होतं. डॉक्टरांनी कॅमेऱ्याची गोळी गिळायला दिली, लहान आतड्याचे फोटो काढणारी. फोटोत दिसला नुसता फेस आणि गाळ! आदल्या दिवशी घ्यायचं पोट साफ करायचं औषध मुक्ता बाईसाहेबांनी गुपचूप मोरीत ओतलं होतं. आता सगळं पुन्हा करायचं. फेस मोडणारे थेंब या वेळी वेगळे दिले होते, पण औषधाचा अख्खा जग पोटात गेला नाही, तर दुखण्याचं कारण याही खेपेला सापडणार नव्हतं. मला तर रडूच येत होतं.

तपासणीच्या आदल्या दुपारी जग घेऊन बसलो. मुक्तानं तोंड घट्ट मिटलेलं. तेवढ्यात काका चौकशीला आले, तांब्यासकट.

“पी बेटा, एकदम गटागट!”

“तुम्ही पिता का आमच्याकडचं पाणी? मग मी का पिऊ?”

वादात हरलेलं काकांना मी पहिल्यांदाच पाहिलं. त्यांनी तांब्या दाराबाहेर ठेवला, खुर्ची ओढली आणि मला म्हणाले, “सूनबाई, एक गिलास पाणी द्या. तुमच्या घरचं.”

तिचा एक ग्लास औषध, त्यांचा एक ग्लास पाणी. पाचव्या ग्लासानंतर दोघांत संडासासाठी शर्यत लागली. काका हरले.

“आजोबा, तुमचं सोवळं मोडलं ना?” परत येऊन बसल्यावर मुक्तानं विचारलं.

“सोवळं कसलं ग,” काका हळूच म्हणाले. “कुणाकडे पाणी घेतलं की बसावं लागतं. आणि बसलं, की मग रिकाम्या घरी जायला उठवत नाही.”

इतकी वर्षं हसलो त्याची मला लाज वाटली.

“मग उठू नका,” मुक्ता म्हणाली. “अजून तीन ग्लास उरलेत.”

या वेळी फोटो स्वच्छ आले. आतड्यातले व्रण दिसले, औषधं सुरू झाली, दुखणं उतरणीला लागलं.

काका आता रोज चारला येतात. मुक्ता पाण्याचे दोन ग्लास भरून ठेवते. तांब्या घरीच असतो.